एक तरी मॅच जिंका

आमच्या क्लबकडे कप नाही, ढाल नाही, स्वतःचं मैदान तर नाहीच. किस्से मात्र भरपूर आहेत. गाडीच्या डिकीत एकेकटे मोजे साठत जातात तसे ते साठले. कुठला कधीचा हे आता नीट सांगता येत नाही, पण टाकवतही नाहीत.

मी नॉटिंगहॅममध्ये हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. माझं माहेर नागपूरचं. रग्बी या शब्दाशी माझा संबंध एवढाच होता, की लॅबमधले दोघं सोमवारी लंगडत यायचे. आता मी मुलांच्या रग्बी लीग क्लबची सेक्रेटरी आहे. हे कसं झालं असं लोक विचारतात. मीही विचारते.

*

सुरुवात बॉयलरपासून झाली. ऐन जानेवारीत आमचा बॉयलर बंद पडला आणि दुरुस्तीला कीथ आला. साठीला आलेला, यॉर्कशरचा, खाली बसताना एक आणि उठताना दुसरा गुडघा धरणारा माणूस. माझा बारा वर्षांचा निहार त्याला टॉर्च धरून उभा राहिला. निहारचा जन्म इथलाच, स्वभाव अबोल. घरात आहे की नाही हे बघायला मला वर जाऊन यावं लागायचं.

काम संपल्यावर कीथने बॉयलरबद्दल अवाक्षर काढलं नाही. म्हणाला, "हा पोरगा तासभर हात न हलवता टॉर्च धरून उभा होता. मला अशीच मुलं हवी आहेत." तो बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा नवा क्लब काढत होता. पुढे कळलं की अर्धी टीम त्याने अशीच, बॉयलर दुरुस्त करता करता जमवली होती.

मी नकार द्यायचं ठरवलं. कीथला सविस्तर ईमेल लिहिला. तीन परिच्छेद, मुद्द्यांना नंबर, मानेच्या मणक्यांबद्दल थोडी वैद्यकीय माहिती. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: क्लबला इतकं नीट पत्र अजून कुणी लिहिलेलं नाही, तुम्ही सेक्रेटरी व्हाल का?

*

माझा नवरा संदीप सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठलीही गोष्ट करण्याआधी त्याला तिचा अभ्यास लागतो. निहार खेळणार म्हटल्यावर त्याने सलग तीन संध्याकाळी व्हिडिओ बघितले, नियमांची स्प्रेडशीट केली आणि पंधरा खेळाडूंच्या जागा रंगवून निहारकडून पाठ करून घेतल्या. प्रॅक्टिसला गेल्यावर ती शीट त्याने मोठ्या अभिमानाने कीथला दाखवली.

कीथने चष्मा लावून शीट शेवटपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाला, "छान आहे. पण हे त्या दुसरीचं आहे."

रग्बी दोन आहेत हे आम्हाला कुठे ठाऊक! पंधरा जणांची ती युनियन, आमची तेरा जणांची ती लीग. कीथच्या गावात गल्लीगल्लीत लीगचे क्लब, त्यामुळे 'त्या दुसरी'चं नाव तो सहसा घेत नाही. आमच्या खेळात सहा वेळा पाडले गेलात की चेंडू समोरच्यांना देऊन टाकायचा. सहा संधी पुष्कळ झाल्या, आता त्यांना खेळू द्या. हा नियम मला ऐकताक्षणी आवडला. संदीपने नवी स्प्रेडशीट केली, आणि वर तो टच जज, म्हणजे रेषेवरचा झेंडेवाला, झाला.

*

पहिली मॅच आम्ही बहात्तर-शून्यने हरलो. आमच्या मुलांना चेंडू जवळून बघायला मिळाला तो मुख्यतः समोरच्यांच्या हातात. मॅच संपल्यावर कीथने सगळ्यांना गोल बसवलं आणि एकेकाला विचारलं, आज किती जणांना पाडलंस? निहार म्हणाला, सहा. शाळेत गणितात पहिला आला होता तेव्हाही इतक्या मोठ्याने बोलला नव्हता.

त्याच दिवशी मॉरीनने मला खरी गोष्ट सांगितली. मॉरीन म्हणजे कीथची बायको. आयुष्यभर शाळेच्या किचनमध्ये काम केलेली, चेंजिंग रूमच्या खिडकीतून सगळ्यांना चहा देणारी. त्यांची मुलगी कॉर्नवॉलला, तिथे दोन वर्षांचा नातू. मॉरीनला तिकडे जायचं होतं, कीथला क्लब काढायचा होता. शेवटी दोघांनी ठरवलं, की पहिल्या सीझनमध्ये एक तरी मॅच जिंकली तर मॉरीन पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही जिंकली, तर सप्टेंबरनंतर घर विकायचं आणि जायचं.

मी विचारलं, आणि क्लब? तिने मैदानाकडे बघितलं. कीथ एकटाच कोपऱ्यातले झेंडे गोळा करत होता. तो गेला तर हे सगळं चालवणारं दुसरं कुणी नाही, हे मला न सांगता कळलं. मला तेव्हा मॉरीनचा राग आला. पुढे माझी आई फोनवर नातवाबद्दल विचारायला लागली की तो राग थोडा थोडा कमी व्हायचा.

*

आईचंच सांगते. तिला एकदा व्हिडिओ कॉलवर मॅच दाखवली. दोन मिनिटांत ती नागपूरहून ओरडायला लागली, की अगं त्याला ढकलतायत, तू बघत काय उभी राहिलीस, शाळेत तक्रार कर. मी समजावलं, हा खेळच असा आहे. म्हणाली, असला कसला खेळ, आणि कॉल कट केला.

दोन रविवार तिने फोन उचलला नाही. तिसऱ्या रविवारी स्वतःहून फोन आला. हॅलो नाही, कशी आहेस नाही. "आज किती पाडले त्याने?"

*

जूनमध्ये आम्ही यॉर्कशरमधल्या एका छोट्या गावात खेळायला गेलो. रेषेलगत एक आजी घडीच्या खुर्चीत पांघरूण घेऊन बसल्या होत्या. निहार एकाला पाडायला गेला, उंच धरलं आणि स्वतःच आपटला. आजी खुर्चीतून पुढे झुकून म्हणाल्या, "कमरेच्या खाली धर, बाळा. आणि डोकं बाजूला." त्या समोरच्या टीमच्या होत्या, त्यांचा नातू त्याच मॅचमध्ये खेळत होता.

निहारने ऐकलं. पुढच्याच खेपेला कमरेखाली धरून एकाला असा पाडला की तो चिखलात घसरत आजींच्या पायाशी येऊन थांबला. तोच नातू. आजींनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग नातवाला रुमाल दिला.

परतताना गाडीत निहारने विचारलं, "आई, ती आजी कुठल्या साइडवर होता?" त्याच्या मराठीतली चूक मी एरवी लगेच सुधारते. त्या दिवशी उत्तराचा विचार करत राहिले आणि सुधारायचं राहून गेलं.

*

जुलैपर्यंत आम्ही सगळ्या मॅच हरलो होतो, पण आता हरताना गुणही मिळत होते. आणि एका रविवारी चक्क आम्ही पुढे! सोळा-दहा, दहा मिनिटं बाकी. मॉरीन चहा सोडून बाहेर येऊन उभी राहिली. मी घड्याळाकडे बघू नये म्हणून हात खिशात घातले होते.

तेवढ्यात आकाशातून एअर अँब्युलन्स आली आणि मैदानाच्या मधोमध उतरली. पलीकडच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांना हार्ट अटॅक आला होता आणि जवळपास मोकळी जागा तेवढीच. मुलांना झाडांखाली बसवलं. तासाभराने हेलिकॉप्टर गेलं, तोवर रेफरी दुसऱ्या मॅचला निघून गेले होते. लीग चालवणाऱ्यांनी कळवलं, पूर्ण न झालेली मॅच पुन्हा खेळा. पुन्हा खेळलो आणि हरलो.

मला मनातून वाईट वाटत होतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटत होती. कीथ मात्र रोज कामावरून घरी जाताना त्या रस्त्याने जायचा, दारं ठोठावून चौकशी करायचा. मंगळवारच्या प्रॅक्टिसला मुलांना उभं केलं आणि म्हणाला, "तो माणूस वाचला. घरी येतोय. चला, पळायला लागा."

*

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी शेवटची मॅच होती. आमच्याकडे पहिल्यांदाच पंधरा मुलं हजर होती. समोरची टीम मात्र आली ती नऊ मुलांची. त्यांच्या बाकीच्या मुलांची मिनीबस मोटरवेवर बंद पडली होती आणि ती येण्याची शक्यता नव्हती. नियम स्पष्ट आहे. तेरा जणांच्या खेळात किमान अकरा हवेत, नसतील तर मॅच हजर टीमला. अशी मिळालेली मॅचसुद्धा जिंकलेलीच धरतात, तक्त्यात तसंच लागतं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सेक्रेटरी म्हणून निकालाचा फॉर्म माझ्याकडेच होता. मी पेनाचं टोपण काढलं आणि कीथला हळूच म्हटलं, "जिंकलो आपण." मॉरीनने खिडकीतून सगळं बघितलं होतं. ती पावाला लोणी लावत होती आणि एकाच पावाला लावत राहिली होती.

कीथ त्या नऊ मुलांकडे बघत होता. ती पाच तास आधी उठून, दोन गाड्यांतून दाटीवाटीने आली होती आणि आता उगाचच उड्या मारून अंग गरम करत होती.

आमच्या खेळात एक रीत आहे. समोरच्यांची मुलं कमी पडली तर आपली द्यायची. त्या वर्षात आम्हाला तीनदा लोकांनी मुलं दिली होती. पण कुणी सक्ती करत नाही, आणि त्या दिवशी तर कुणी मागितलंही नव्हतं. कीथने तीन नावं घेतली. दोन आमची सगळ्यात वेगवान मुलं आणि तिसरा निहार, आमचा सगळ्यात चांगला पाडणारा. बारा विरुद्ध बारा.

माझा तोल गेला. मी म्हटलं, "द्यायचीच होती तर दुसरी तीन द्यायची."

"पाहुण्यांना काय उरलंसुरलं वाढायचं?" कीथ म्हणाला.

यावर एका नागपूरच्या बाईने काय बोलावं! मी टोपण लावलं.

त्यांचे पिवळे शर्ट घालून आमची तिघं पलीकडे गेली. अशी मॅच मी कधी बघितली नव्हती. निहारने आपल्याच मित्रांना पाडलं, मित्रांनी त्याला पाडलं, आणि उठताना प्रत्येक वेळी एकमेकांना हात दिला. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा वीस-वीस होते. मॉरीन पुन्हा बाहेर येऊन उभी होती.

मग चेंडू निहारकडे आला. अगदी कडेला, रेषेलगत. त्याने आयुष्यात एकही ट्राय केला नव्हता. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, की चार गुण. तो धावायला लागला. आमची दोन मुलं त्याच्या मागे. रेषेच्या बाहेरून हातात झेंडा घेऊन धावणारा संदीप. निहारचा पाय रेषेला लागला तर झेंडा वर करायचा, एवढंच त्याचं काम. पाय रेषेपासून चार बोटांवर पडत होता. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं ते कळेना. संदीपचा झेंडा खालीच राहिला. निहारने चेंडू टेकवला.

चोवीस-वीस. शिटी वाजली.

निहार तिथेच गुडघ्यांवर बसून राहिला. त्याच्याकडे सगळ्यात आधी आमचीच मुलं धावली. पिवळे आणि आमचे सगळे त्याच्यावर पडले, खाली तो दिसेना. सुटल्यावर तो माझ्याकडे आला, तोंडभर चिखल, आणि म्हणाला, "आई, सॉरी." त्याला कुणीतरी कीथ-मॉरीनच्या त्या अटीबद्दल सांगितलं होतं. कुणी ते मला अजून माहीत नाही. मी त्याला चिखलासकट जवळ घेतलं आणि रडले.

कीथने समोरच्या कोचशी हात मिळवला, झेंडे गोळा केले, सगळे मोजून पिशवीत भरले. मग गुडघा धरत धरत मॉरीनपाशी आला. आम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होतो, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"हरलो," कीथ म्हणाला.

"बघितलं मी. शेवटचा ट्राय कुणी केला?"

"निहारने."

"निहार कुणाचा?"

कीथने झेंड्यांची पिशवी खाली ठेवली. "आपला."

"मग एक मॅच जिंकलात."

"मॉरीन, लीगवाले असं धरत नाहीत."

"मी धरते," मॉरीन म्हणाली.