कुंदा सिस्टरांनी बंद केलेला शब्द

कुंदा सिस्टर गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिवपुरीला त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर कुणीतरी शेजारच्याला हळूच म्हणालं, "खोपोलीत हिच्याच हातून पेशंट गेली ना?" मला ते स्पष्ट ऐकू आलं... आणि मी गप्प बसलो. घरी आल्यापासून ते गप्प बसणं मला झोपू देत नाही, म्हणून लिहितो आहे.

खोपोलीच्या एका खासगी रुग्णालयाचा मी व्यवस्थापक होतो, सिस्टर अतिदक्षता विभागाच्या प्रमुख. पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला प्रत्येक पेशंटची माहिती देते. आमच्याकडे ती जिन्यात दिली जायची, कारण पाळी संपली की नर्सना कर्जतला नेणारी आमची गाडी सुटायची. सिस्टरांचं म्हणणं साधं होतं. दोघींनी खाटेशी उभं राहावं, एकीने सांगावं, दुसरीने तेच म्हणून दाखवावं. त्यासाठी गाडी पाव तास उशिरा निघू दे. मी म्हणायचो, गाडीला पुढच्या फेऱ्या आहेत. "साहेब, गाडी थांबत नाय म्हणून पेशंटनं थांबायचं का?" त्या विचारायच्या. दर बैठकीत त्यांनी हा विषय काढला आणि दर वेळी मी चहा मागवला.

मग कोंडाण्याची एक बाई दाखल झाली. दुपारची पाळी बदलली. गाडीचा हॉर्न वाजत होता, त्या घाईत कागदावरची नोंद राहिली. जाणारी मुलगी जिना उतरता उतरता म्हणाली, "तिचं इन्सुलिन सोडलंय गं." म्हणजे सलाईनमध्ये सोडलंय. वर येणारीने ऐकलं, द्यायचं सोडलंय, राहिलंय. तिने पुन्हा दिलं. बाईची साखर इतकी उतरली की ती शुद्धीवर आलीच नाही. चौकशीत मी सांगितलं, विभागप्रमुखांचं लक्ष नव्हतं. गाडीचा आणि त्या बैठकांचा उल्लेख टाळला. सिस्टरांनी त्या दोन्ही मुलींना पाठीशी घातलं आणि स्वतः राजीनामा दिला. कोंडाण्याच्या बाईचा जीव सिस्टरांमुळे गेला नाही. त्यांनी मागितलेला पाव तास मी दिला नाही, म्हणून गेला. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढे त्या कर्जतच्या एका रुग्णालयात लागल्या. गेल्या वर्षी छातीत दुखून मी नेमका तिथेच दाखल झालो. माझ्या खाटेशी पाळी बदलत होती. नवी मुलगी म्हणाली, "यांचं औषध सोडलंय."

"सोडायला ते काय कुत्रं हाय गं?" सिस्टर म्हणाल्या. "इथं दिलंय म्हणायचं, नायतर दिलं नाय म्हणायचं. तिसरा शब्द नाय."

मुली हसल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "घाबरू नका साहेब. इथली गाडी थांबते."

तेव्हा तरी माफी मागायची... मी पाणी मागितलं. त्यांनी ते दिलं, उशी नीट केली आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

खोपोलीची गाडी अजूनही वेळेवर सुटते म्हणे. माझ्यानंतर आलेल्या व्यवस्थापकाला दोनदा फोन केला. "बघतो काका," म्हणाला. माझंच उत्तर, फक्त चहा नाही.

परवा शेजाऱ्याला बघायला कर्जतच्या त्याच रुग्णालयात गेलो. अतिदक्षता विभागाचं दार बंद होतं. काचेतून दिसत होतं, प्रत्येक खाटेशी दोघी उभ्या. एकीचं बोट बाटलीपासून नळीवरून पेशंटच्या हातापर्यंत सरकत होतं, मागोमाग दुसरीचं. ओठ हलत होते. बाहेर एक नातेवाईक वैतागला होता. "आजोबा, तुमी तरी सांगा यांना. कवापासून नुसत्या बोलत उभ्या हायत."

"थांबा," मी म्हणालो. "त्यांचं पुरं होऊ दे."