पुलावर थांबलेला माणूस

"आई, हाच गेम घे. इथे चुकलं तरी कुणी हसत नाही," म्हणत लेकीने माझ्यासाठी आयुष्यातला पहिला ऑनलाइन गेम निवडला. त्यात कुठकुठली माणसं आपापलं पात्र घेऊन एकाच गावात वावरतात. माझं पात्र मात्र पुलाच्या कठड्यालाच धडकत बसलं. पुढे गेलेला एक चिलखतवाला अनोळखी खेळाडू ते पाहून मागे आला. चार पावलं चालायचा, थांबायचा. मी पोचले की पुन्हा चालायचा. सायकल, स्वयंपाक, बँकेतला पहिला फॉर्म... प्रत्येक वेळी माझ्यासाठी कुणीतरी असंच हळू झालं होतं. त्यांतल्या कितीजणांचे मी आभार मानले? पूल संपला. आभाराचं बटण सापडेपर्यंत तो निघूनही गेला. मग मी माउस बाजूला ठेवला आणि त्या रिकाम्या पुलालाच हात जोडले.