शिंप्याने लावलेला शोध

गरम टोनरचा वास आला की भिलाईतलं माझं पहिलं झेरॉक्सचं दुकान आठवतं. शेजारचा शिंपी माझं वायफाय फुकट वापरतो हे कळल्यावर मी रागाने पासवर्ड बदलला आणि नवा पासवर्ड कॉम्प्युटरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं प्रवेशपत्र छापायला एक मुलगी आली आणि वायफायवरचा प्रिंटर नेमका ‘ऑफलाइन’ दाखवू लागला. “भाऊ, दुर्गहून माही गाडी हाय, सुटून जाईन न!” ती रडकुंडीला आली. मी प्रिंटर चारदा बंद-चालू केला, बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. शिंपी मशीनवरून मान न उचलता म्हणाला, “काय झालं ते मले मालूम हाय. पहिले नवा पासवर्ड सांग.” “फुकट्या!” मी ओरडलो. “मंग राहू दे.” मुलीकडे पाहून शेवटी मी पासवर्ड सांगितला. तो हसला, “आता हाच प्रिंटरले सांग. तोबी माह्या फोनसारखा जुनाच धरून बसला हाय.” पान सर्रकन बाहेर आलं, मुलगी ते घेऊन पळाली. माझ्याच वायफायच्या बदल्यात त्याने माझाच प्रिंटर सुरू करून दिला, हे मला आजही खुपतं; पण तेव्हापासून कुठलाही मोठा सौदा करायचा असला की मी त्या शिंप्याला सोबत नेतो.