उकंड्याची माय

वरवट बकालला आमच्या घरामागं सोजराबाईचा भाजीचा मळा होता. डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन ती हाळी द्यायची, तसला खडा आवाज आमच्या नाटक मंडळीतही कुणाला नव्हता. नवरा लवकर गेला. त्याआधी तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. चौथं झालं, तेव्हा रीतीप्रमाणं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. मरण त्याला कचरा समजून सोडून देतं, म्हणून. मोठी जाऊ रुखमाबाई, जिची कूस उजवली नव्हती, तिनं ते उचललं आणि सोजराबाईनं ओंजळभर ज्वारी देऊन आपलं बाळ परत घेतलं. नाव ठेवलं उकंडा. पोर जगलं.

महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. कडब्याची गंजी पेटली आणि बैल सोडायला उकंडा धुरात घुसला. बैल वाचला. उकंड्याची छाती, पाठ, दोन्ही हात सोलून निघाले. त्याला अकोल्याला नेलं. मी रंगभूमीवर दिवाण, वकील झालेला. डॉक्टरांशी शुद्ध बोलेन म्हणून मलाही सोबत घेतलं.

डॉक्टर म्हणाले, "याची स्वतःची कातडी पुरणार नाही. दुसऱ्याची लावून जखमा झाकू. ती टिकत नाही, पण तोवर जीव तग धरेल."

"दुसऱ्याची काऊन?" सोजराबाई पुढं झाली. "माई काढा ना. मी माय आहो त्याची."

तिच्या मांडीची कातडी त्याच्या छातीवर बसली. गुलाबी झाली. सोजराबाई येईल-जाईल त्याला दाखवायची, जणू नातवाचं बारसं आहे. दुसऱ्या आठवड्यात ती कातडी काळवंडली, कडा उचलल्या आणि ओल्या कागदासारखी सुटून आली.

"त्याच्या शरीरानं ती परकी म्हणून ओळखली," डॉक्टर म्हणाले. "असं होतंच."

'असं होतंच' कुणी ऐकलं नाही. 'परकी' मात्र एसटीत बसून गावात पोचलं.

पारावर कडूबा न्हावी कात्री वाजवत म्हणाला, "मायची कातडी लेकराले परकी? मंग उकिरड्यावरच अदलाबदल झाली बे! ज्वारी देऊन कोनाचं आनलं इनं?"

सगळे खदखदून हसले. मी पारावर चढून समजावू लागलो, तर म्हणाले, "तू नाटकवाला. लोकाईले रडवनं तुहा धंदाच हाय."

बोलणं अकोल्याच्या दवाखान्यात, उकंड्याच्या खाटेपर्यंत गेलं. उकंड्यानं भिंतीकडं तोंड करून विचारलं, "मंग माई माय कोन?"

सोजराबाईनं डॉक्टरांचे पाय धरले. "आखीन एकदा लावा. यावख्ती कातडी धरीन." जखमांना झाकण हवंच होतं, म्हणून त्यांनी दुसऱ्या मांडीची काढली. या वेळी ती पहिलीच्या निम्म्याही दिवसांत गळाली. पुतण्याला भेटायला आलेली रुखमाबाई त्याच्या उशाशी बसून त्याचे केस कुरवाळत म्हणाली, "पाह्य बाबू, आंग खोटं बोलत नाही. आता तं त्यानं लवकर ओयखलं."

पुढं किती तरी वर्षांनी मला एका शिकलेल्या पुतणीनं सांगितलं. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, तिथं टी पेशींची, म्हणजे अंगाच्या राखणदारांची, तालीम चालते. आपल्याच अंगावर धावून जाईल तिला तिथंच बाद करतात. बाकीच्या रक्तात उतरतात. काही परकं दिसताच आरोळी ठोकतात, काही थेट जीव घेतात, काही ते रूप ध्यानात धरून बसतात. म्हणून दुसऱ्या वेळी घाव लवकर पडतो. आणि अंगातल्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणा लेकराला अर्ध्या आईकडून, अर्ध्या बापाकडून येतात. आईच्या उरलेल्या अर्ध्या त्याला परक्याच. रुखमाबाईची कातडी लावली असती, तर तीही गळालीच असती. पण तिची कुणी लावून पाहिली नाही.

हळूहळू उकंड्याची स्वतःची कातडी वाढली, जखमा भरल्या. घरी परतताना एसटी गच्च भरलेली होती. उकंडा आणि रुखमाबाई एका बाकावर. सोजराबाई दांडा धरून उभी. दोन्ही मांड्यांच्या जखमा चिघळून अजून ओल्या, लुगडं त्यांना चिकटलेलं. शेगाव गेलं तशी ती डुलायला लागली. उकंडा जागेवरून उठला. वीस वर्षं तो तिला 'माय, तू' म्हणत आला होता. त्यानं बाकाकडं हात केला आणि अदबीनं म्हणाला,

"काकू, तुमी बसा."

ती बसली नाही. पुढच्या थांब्यावर उतरली आणि उन्हात चालू लागली.