संधीसाधू जंतू आणि प्रोफेसरांचं बोट

शोभेच्या माशांचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'प्रोफेसर' म्हणायची. कॉलेजची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. पण त्यांच्याकडे मासा मिळायच्या आधी व्याख्यान मिळे. उजव्या हाताच्या तर्जनीने काचेवर टिचकी मारायची, मासा दाखवायचा आणि त्याच बोटाने जगाची चूकही दाखवायची. ते बोट म्हणजेच दुकान.

संधिवाताने सांधे आखडले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "यांनी दुखणं दबेल, तशी प्रतिकारशक्तीही दबेल. टाकीत हात घालताना रबरी मोजे घाला."

मोजे खुंटीला लटकले. "मोजे घालून मासा धरायचा, म्हणजे रेनकोट घालून आंघोळ!"

"अहो, बोट खरचटलंय, ते तरी झाका," बायको म्हणाली.

"गप गं. माझे मासे माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत."

"त्यात काय विशेष?"

पुढे बोटावर जांभळी गाठ आली. मग मनगटाकडे एकीमागून एक रांगच लागली. गाठीचा तुकडा तपासायला गेला. डॉक्टरीणबाई सांगू लागल्या, "क्षयाच्या जंतूचा हा चुलतभाऊ, टाकीच्या पाण्यात राहणारा. धडधाकट माणसाचं सहसा फार बिघडवत नाही. तुमची मात्र ताकद दबलेली. संधीसाधू जंतू आहे हा. नव्या गोळ्या कित्येक महिने घ्यायच्या, आणि जुन्या..."

"कळलं, कळलं!" प्रोफेसर उठलेसुद्धा. पुढचं ऐकेल तो प्रोफेसर कसला?

घरी आल्या आल्या व्याख्यान सुरू. "संधी म्हणजे सांधा! सांध्यात ठाण मांडणारा जंतू, म्हणून संधीसाधू. यावर संधिवाताच्याच गोळ्या वाढवायच्या. नव्या कशाला?"

"बाईंना विचारलंत?"

"मराठी आता त्यांनी शिकवायची मला?"

जुन्या गोळ्या दुप्पट झाल्या. ठणका उतरला. प्रोफेसर दारोदार बोट नाचवत हिंडले. आत जंतूला रान मोकळं मिळालं होतं, त्याने हाडापर्यंत मजल मारली. बोट भोपळ्यागत सुजलं, फुटलं, वाकेनासं झालं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, संधी म्हणजे सांधा नव्हे, आयती संधी! आणि ती तुम्हीच त्याला दुप्पट करून दिलीत! जुन्या गोळ्या बंद करा म्हणत होते मी."

या खेपेला प्रोफेसरांनी शेवटपर्यंत ऐकलं. पण उशीर झाला होता. हाड सडलं होतं. बोट निम्म्यावर कापावं लागलं.

आता टाकीत हात बायकोचे असतात, मोज्यांतले. प्रोफेसर स्टुलावर बसून 'संधी' शब्दाचे दोन अर्थ गिऱ्हाइकाला समजावतात, जणू शोध त्यांचाच.

"तो बघा, सोनेरी शेपटीचा!" म्हणत ते उरलेलं थोटूक रोखतात.

बायको जाळी धरून थांबते. "नक्की कुठला म्हणालात?"