लाखेची मोहर

मानसशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात मोजक्या जागा होत्या आणि त्यांवर बसणारे बहुतेक वकील-डॉक्टरांचे मुलगे. मी पस्तिशीचा, दिवेआगरच्या वाड्यांतली सुपारी मुंबईत विकता विकता बी.ए. झालेला. तरी समोरच्याच्या मनात काय चाललंय, हे मला त्या मुलांपेक्षा जास्त कळतं असं मी तेव्हाही मानत होतो, आजही मानतो.

अर्जासोबत शिक्षकाचं पत्र हवं होतं, तेही बंद लिफाफ्यात. बोर्लीला माझ्या जुन्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी पत्र लिहिलं, लाख लावून मोहर उठवली आणि हसून म्हणाले, "घे. आता वाटेत वास घेत बसू नकोस."

ते का हसले, याचा विचार दिघी बंदर येईपर्यंत डोक्यातून गेला नाही. शाळा सोडताना मी त्यांच्याशी कडकडून भांडलो होतो. ते विसरले असतील?

आम्ही सुपारीवाले पोतं वरून बघून घेत नाही. मूठभर काढायची, अडकित्त्याने फोडायची, आतून काळी निघाली की पोतं परत. बोटीची वाट बघत धक्क्यावर बसलो आणि त्याच अडकित्त्याने मोहर उचकटली.

आत माझी स्तुती होती. शेवटची ओळ अशी : 'संशयी आहे, पण लबाड नाही.'

मी लाख तापवून पुन्हा चिकटवली.

कॉलेजात प्राध्यापकांनी लिफाफा उजेडात धरला. "हा उघडलात तुम्ही?"

"हो. फोडून बघितल्याशिवाय आम्ही माल पुढे नेत नाही."

"माल तुमचा नव्हता."

"त्यात लिहिलेला माणूस तर मीच ना?" माझा आवाज चढला होता.

त्या वर्षी जागा गेली. एका बॅरिस्टरच्या भाच्याला मिळाली. त्याचा लिफाफा कुणी उजेडात धरला असेल, असं मला वाटत नाही.

पुढच्या वर्षी मास्तरांना घडलेलं सगळं सांगितलं. त्यांनी दुसरं पत्र लिहून दिलं. या वेळी हसले नाहीत. अडकित्ता घरी ठेवून निघालो, लिफाफा जसाच्या तसा पोचवला. जागा मिळाली, एम.ए. झालो.

मास्तर आता नाहीत. 'लबाड नाही' हे त्यांनी दुसऱ्यांदाही लिहिलं होतं का, असं मी प्राध्यापकांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "जागा मिळाली ना तुम्हाला?"

हे काही उत्तर झालं नाही.