तंबूत उशाला रायफल

मित्रांनो, आज हॉटेलच्या किचनमधली शिफ्ट संपवून मी इथल्या, एडिनबरातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो होतो. हसू नका, आधी ऐका.

शनिवारी माझा मित्र सागर याच्याबरोबर इथल्या डोंगरात तंबू ठोकून राहायचंय. आमच्या जुन्नरकडे बिबट्यानं माझ्या खाटेखालचं कुत्रं उचलून नेलं, तेव्हापासून मी उघड्यावर झोपलेलोच नाही. आता परत झोपायचंय. म्हणून अमेरिकेतले व्हिडिओ बघून आखूड नळीची लिव्हर-ॲक्शन रायफल पसंत केली. खालचा लिव्हर ओढला की पुढची गोळी चढते, आणि तंबूत उशाला आरामात मावते.

दुकानातल्या म्हाताऱ्यानं तशीच एक काढून दाखवली. मग विचारलं, "कशाला हवी?"

"रात्री कॅम्पचं रक्षण करायला."

त्यानं रायफल कपाटात ठेवून कुलूपच लावलं. म्हणाला, "पोरा, हे कारण सांगून इथं लायसन्स मिळत नाही. आणि तुला तिथं खाणार कोण? हरणं?"

बाहेर आल्यावर सागरला सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "अरे येड्या, तिथं चावतात ते चिलटाएवढे किडे! तोंडाला जाळी घे."

जाळी घेतली. शनिवारी जाणार म्हणजे जाणार. इथं बिबट्या नाही हे मला कळतंय. पण बाहेर पान हललं तरी मी उठून बसणार, हेही माहीत आहे.

बिबट्याच्या मुलखातून इकडं आलेल्यांनो, पहिल्यांदा तंबूत झोपलात तेव्हा डोळा लागला का? खरं सांगा.